पाटी की बिजागरीवाला

नाटकमंडळीत तिला सगळे कुजबुज म्हणायचे. खरं नाव होतं, पण ते सकाळी वकिलाच्या ऑफिसात हजेरी लावण्यापुरतं. तिथे ती दुपारपर्यंत टायपिंग करायची, आणि मग डबा पिशवीत कोंबून तालमीच्या हॉलवर. शनिवार-रविवारी दुपारचा प्रयोग असला की डाव्या विंगेत, पडद्याच्या घडीला पाठ लावून, काळ्या कपड्यांत एका स्टुलावर बसायची. ती प्रॉम्प्टर होती. नटाचं वाक्य अडलं की ते त्याच्या हातात ठेवायचं, आणि ठेवलंय हे तिसऱ्या कुणाला कळू द्यायचं नाही, एवढंच तिचं काम.

पण ‘एवढंच’ म्हणणाऱ्याने एकदा त्या स्टुलावर बसून बघावं. आवाज कुठे सोडायचा, नटाचा श्वास बाहेर पडतो तेव्हा की आत जातो तेव्हा, पहिले दोनच शब्द द्यायचे की अख्खं वाक्य, आणि कोण नुसता थांबलाय, कोण खरंच अडलाय, हे सगळं तिला झोपेतही कळलं असतं. त्यातही काकांचं. काका मंडळीतले सगळ्यात ज्येष्ठ नट. नाटकात म्हाताऱ्या वडिलांचं काम करायचे आणि ओळ हवी असली की चष्मा काढून पुसायला लागायचे. ही त्या दोघांतली खूण. एकदा प्रयोगानंतर एक गृहस्थ खास भेटायला आले आणि म्हणाले, डोळ्यांतलं पाणी लपवायला तुम्ही चष्मा काय सुंदर वापरता हो. काकांनी गंभीर चेहऱ्याने आभार मानले आणि त्यांच्या खांद्यावरून कुजबुजकडे बघत हळूच डोळा मारला.

काका तिला एकदा म्हणाले होते, “तुझा आवाज मला बाहेरून येतो असं वाटतच नाही गं. माझंच मला आठवलं, असं वाटतं.” या वाक्यावर ती कित्येक दिवस तरंगत होती.

अडचण टॉर्चची होती. संहितेवर टॉर्च मारला की कडेच्या खुर्च्यांवरून उजेड दिसायचा, आणि पानं उलटताना दुःखाच्या प्रसंगात कुणीतरी विंगेत वेफर्स खातंय असं वाटायचं. शेवटी मॅनेजर म्हणाले, आता टॅब घेऊन टाकू, उजेड कमी करता येतो, कागद नको, कटकट नको. वापरणार तूच, तेव्हा निवडायलाही तूच चल, म्हणाले.

दुकानातल्या मुलीने काउंटरवर दोन टॅब मांडले. एक नुसती काच. “ही स्लेट,” ती म्हणाली. “पाटीच समजा. हलकी, एका हातात मावते, बोटाने पान सरकवायचं, बास.” दुसऱ्याला बिजागरी होती. उघडलं की खाली कीबोर्ड, उलटं दुमडलं की कीबोर्ड पाठीमागे जाऊन पुढे पाटी. “हा कन्व्हर्टिबल. पण जड पडेल. तुम्हाला टाईप करायचंय का? नुसतं वाचायचं असेल तर उगाच घेऊ नका.”

किती सरळ प्रश्न होता. आणि नुसतंच तर वाचायचं होतं.

पण कुजबुजचा हात कीबोर्डवर गेला होता. ती एक नाटक लिहीत होती. वकीलसाहेब कोर्टात गेले की रद्दी कागदांच्या पाठीवर, घरी वहिनीची दोन शिवणयंत्रं थांबली की जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर. वहिनी विचारायची, “वन्सं, हे लिहून कोण बघायला येणार?” आणि लगेच टेबल पुसायला घ्यायची. त्या नाटकाबद्दल मंडळीत तिने अवाक्षर काढलं नव्हतं. दुसऱ्यांची वाक्यं पुरवणारी बाई स्वतः वाक्यं करायला लागली, तर हसतीलच ना.

तिने एक बटण दाबलं, मग वाकून कान जवळ नेला आणि पुन्हा दाबलं.

“मॅडम, काय ऐकताय?” मुलीने विचारलं.

“आवाज करतं का बघते. विंगेत शांतता लागते.” मग मॅनेजरांकडे वळून तिने एका दमात सांगून टाकलं, की तालमीत वाक्यं बदलतात, ती तिथल्या तिथे टाईप करावी लागतील, पाटीवर ते जमायचं नाही. खोटं म्हणावं तर तसं नव्हतं. वाक्यं बदलायची. वर्षाकाठी दोन-चार.

मॅनेजर थोडे घुटमळले. बिजागरीवाला घ्यायचा तर मेकअपरूमचा पंखा पुढच्या हंगामावर जाणार होता. पण ती सहसा काही मागायची नाही, म्हणून ते हो म्हणाले. दुकानातल्या मुलीने खोकं बांधताना एकदाच तिच्याकडे बघितलं. कुजबुजला उगीचच वाटलं, हिला कळलंय.

पहिले काही प्रयोग छान गेले. उजेड नाही, पानांचा आवाज नाही. मेकअपरूममध्ये काकांच्या कपाळावरचा रंग घामाने ओघळायचा, ते पुठ्ठ्याने वारा घेत “सगळा मेकअप आता गळ्याला होतोय” म्हणायचे, आणि कुजबुज दाराबाहेरच थांबायची. आत जायला तिला कसंतरी व्हायचं.

दुसऱ्या अंकात काकांचं एक लांबलचक भाषण होतं. बायको गेलीय, समोर तिची रिकामी खुर्ची, आणि म्हातारा त्या खुर्चीशी बोलतोय. हे भाषण काकांचं इतकं मुरलेलं होतं, की तिथे त्यांना कधी ओळ लागली नव्हती. तेवढा वेळ कुजबुज मोकळी असायची. आधी त्या वेळात ती नुसती ऐकायची. आता मांडीवर कीबोर्ड होता. एका बोटाने संहिता बाजूला सरकवायची, आपलं नाटक पुढे आणायचं, दोन-तीन वाक्यं टाईप करायची आणि भाषण संपता संपता परत संहिता. कुणाला काही कळत नव्हतं. मनाला मात्र टोचायचं, आणि टोचलं की ती आणखी भरभर टाईप करायची.

त्या रविवारी काकांनी खुर्चीपाशी चष्मा काढला.

कुजबुजला तो डोळ्याच्या कडेने दिसला. चष्मा पुसला जातोय आणि समोर अक्षरं आहेत. एवढ्या वर्षांच्या सवयीने मधे डोकं येतच नाही. श्वास पकडला आणि समोर जे होतं ते तिने दिलं. काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पूर्ण विश्वासाने, भरल्या गळ्याने, मेलेल्या बायकोच्या खुर्चीला म्हणाले, “ही शिवणयंत्रं विकून टाका आता. मला त्यांचा आवाज सहन होत नाही.”

त्या नाटकात शिवणयंत्र नव्हतंच.

प्रेक्षकांत कुणीतरी फिसकन हसलं. नाटकातल्या सुनेचं काम करणारी मुलगी आत यायची होती, ती दोन ओळी आधीच आली आणि प्रसंग सावरायला म्हणाली, “बाबा, कुठली शिवणयंत्रं?” तिने आपल्या परीने मदतच केली. पण काकांचा धागाच तुटला. ते तिच्याकडे बघत राहिले. नट बघतो तसे नाही, रस्ता चुकलेला माणूस बघतो तसे. कुजबुजने संहिता पुढे ओढली, खरी ओळ दिली, पुन्हा दिली. काकांनी ती घेतलीच नाही. पडदा पाडावा लागला.

मेकअपरूममध्ये सगळे त्यांच्याभोवती. होतं असं, उकाडा किती आहे, पाणी घ्या. काका पुठ्ठा हातात धरून बसले होते, वारा घेत नव्हते. त्यांनी दारातल्या कुजबुजकडे मान वळवली.

“तू काय दिलं होतंस गं?”

खरं सांगायची तीच वेळ होती. तोंडाशी आलंही होतं. पण मॅनेजर तिथे उभे होते, ती सून उभी होती, काखेत तो बिजागरीवाला दुमडलेला होता.

“मी दिलंच नाही, काका. तुम्ही थांबला होतात, पण मला वाटलं नेहमीसारखं तुमचं तुम्हाला आठवेल... म्हणून दिलं नाही.”

काकांनी मान हलवली. “मग माझंच,” ते म्हणाले. “कुठल्या जुन्या नाटकातलं असेल म्हणावं, तर तसंही आठवत नाही.”

पुढच्या तालमीला त्यांनी काम सोडत असल्याचं सांगितलं. आवाज न चढवता, पाण्याचा ग्लास पुढे करावा तसं. नाटकात डॉक्टरचं काम करणारा नट वडिलांचं काम शिकेल, मीच बसवून देतो, म्हणाले. आणि खरोखर बसवायला लागले. खुर्ची कुठे, हात कुठे, कुठे बायकोवर रागवायचं, कुठे नुसतं ‘अगं’ म्हणून सोडून द्यायचं. दाखवता दाखवता अख्खं भाषण म्हणून गेले, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. डॉक्टर म्हणाला, काका, तुम्हाला तर सगळं येतंय. त्यावर ते हसले आणि म्हणाले, “येतंय रे. पण येताना बरोबर कुणाला घेऊन येईल, त्याचा भरवसा नाही.”

सगळे हसले. कुजबुज संहितेत तोंड खुपसून बसली. घरी तिला जेवण जाईना. वहिनीने विचारलं, “कुणाशी भांडलात का वन्सं?” भांडण असतं तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात आलं.

दोन-तीन तालमी अशाच गेल्या. मग एका दुपारी, हॉल रिकामा असताना, काका तिच्याजवळ खुर्ची ओढून बसले.

“तुझं टायपिंग झकास आहे. एक छोटं काम कर. माझं नाव, पत्ता आणि मुलीचा फोन, एवढं एका कार्डावर छापून आण. अक्षर मोठं ठेव. खिशात ठेवायला.”

“कशाला काका?”

“मुलगी म्हणते, असू दे. बाहेर गेलो आणि कुठे अडलो, तर तिथे काय तू असणार आहेस?” ते सहज म्हणाले. मग जरा थांबून, स्वतःचीच गंमत सांगावी तसं, “हल्ली आंघोळीला गेलो की ती मला आतून कडी लावू देत नाही. बाहेरून विचारत राहते, बाबा ठीक आहात ना. मी आतून ‘हो’ म्हणतो. मोठा संवाद चालतो आमचा.”

कुजबुजने बिजागरी उघडली. काकांनी सांगितलं तसं नाव टाईप केलं. घर, रस्ता. त्याच बटणांवर. मुलीचा फोन सांगताना ते एकदा अडखळले, अंकांवर कुणीही अडखळतो तेवढंच, पण ते लगेच दचकून तिच्याकडे बघायला लागले. तिची बोटं थांबली.

“काका, ती शिवणयंत्रं माझी होती.”

त्यांना कळलं नाही. मग तिने एकेक करून सांगितलं. आपण एक नाटक लिहितोय, ते समोर होतं, तुमचा चष्मा दिसला आणि तेच वाचून दाखवलं. बिजागरीवाला टॅब त्यासाठीच मागून घेतला, पाटी पुरली असती. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले.

काका आधी हसले. मोकळे, पोटातून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “म्हणजे मी ठीक आहे,” ते म्हणाले. “शिवणयंत्रं. अरे देवा.” मग हसू हळूहळू विरत गेलं आणि ते तिच्याकडे बघत राहिले.

“एवढे दिवस तू मला बघत होतीस. त्याला शिकवताना बघत होतीस.”

“हो.”

“नाटक लिहितेस, लिही. विंगेत लिहिलंस, चूक झाली, माणसाची होते. पण ती कडी, कुजबुज. ती कडी तू काढायला लावलीस.”

तिला माफी मागायची होती, पण तोंडात शब्द येईना. आणि तिथे तिला ओळ द्यायला कुणी नव्हतं.

मॅनेजरांना तिने स्वतः जाऊन सांगितलं. ते खूप बोलले, पंख्यापासून सुरुवात करून. दुकानवाले वापरलेला टॅब परत घेईनात. शेवटी तिनेच कीबोर्ड पाठीमागे दुमडला आणि नेपथ्याची काळी टेप घट्ट गुंडाळून टाकली. आता तोही पाटीच झाला होता, फक्त उगाच जड. तिने मॅनेजरांना हेही सांगितलं की दुसरं कुणी बसवा, मी शिकवते. मॅनेजरांनी काकांना विचारलं. काका म्हणाले, “नको. दुसऱ्या कुणाला माझा श्वास कळायचा नाही.” हे त्यांनी तिच्याकडे न बघता म्हटलं.

काम काकांकडे परत आलं. डॉक्टर सुटल्यासारखा झाला. पुढच्या प्रयोगाला दुसऱ्या अंकात, त्याच खुर्चीपाशी, काकांनी चष्मा काढला. कुजबुजने श्वास पकडला आणि ओळ दिली. बरोबर ओळ, बरोबर जागी, आजवर कधी दिली नसेल इतकी अचूक.

काकांनी ती लगेच उचलली नाही. एक काच पुसून झाली, त्यांनी दुसरी घेतली. विंगेतून तिला त्यांचे ओठ दिसत होते. ती ओळ ते आधी ओठांतल्या ओठांत म्हणून बघत होते, कुणी दिलेली नोट उजेडात धरून बघावी तसे. मग चष्मा चढवला आणि वाक्य म्हणाले.

प्रयोगानंतर मॅनेजर विंगेत आले. “आज काकांचा तो पॉज ऐकलास?” ते म्हणाले. “काय जीवघेणं थांबले. प्रेक्षकांत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. इतकी वर्षं हे नाटक करताहेत, हा पॉज नव्हता. कुठून आणला असेल?”

“माझ्यामुळे,” ती म्हणाली.

मॅनेजरांना ते स्तुती मागितल्यासारखं वाटलं असावं. ते हसून तिच्या पाठीवर थाप मारून निघून गेले. कुजबुज स्टुलावरच बसून राहिली. पुढच्या प्रयोगालाही काका तिथे तितकंच थांबले, आणि त्याच्या पुढच्याही.