हरायची पाळी

मे महिन्याचा दुसरा रविवार. काम कुरडयांचं. गव्हाचा चीक उजाडतानाच शिजवून गच्चीवर नेला, कारण गारखेड्यात मे महिन्यात ऊन चढल्यावर गच्चीवर थांबायचं म्हणजे कुरडयांबरोबर आपणही वाळायचं.

सोबतीला आपा होत्या. आपा आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. उर्दू शाळेत शिकवून निवृत्त झाल्या. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर खाली उतरणं बंद झालं. गच्चीपर्यंतचा एक जिना मात्र कठड्याला धरून चढतात. सोऱ्या दाबायला त्यांच्यानं होत नाही. म्हणून त्या टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून बसल्या आणि माझा फोन सांभाळू लागल्या. माझे हात चिकानं भरलेले, आणि त्या दिवशीची मॅच उघडली होती.

मॅच म्हणजे फोनवरच्या पत्त्यांची. आमची दहा जणींची गिल्ड, म्हणजे खेळातला संघ, आहे; आपाही त्यात. घरात सगळे तिला भिशी म्हणतात, म्हणोत. रोज सकाळी दुसरी एखादी गिल्ड समोर येते, तेही दहा. प्रत्येकानं आपले पत्ते निवडून बचावाला लावलेले असतात, पण ते झाकलेले. त्याच्याशी खेळल्याशिवाय काय लावलंय ते कळत नाही. प्रत्येकीला दोन हल्ले. संध्याकाळपर्यंत समोरचे जास्त गडी ज्यांनी पाडले ते जिंकले. गिल्डची प्रमुख मी. आवड म्हणून नाही. चिकलठाण्याच्या कारखान्यात माल पाठवण्याचं काम बघते, कोणती गाडी कधी सोडायची हे ठरवायची सवय आहे, म्हणून माझ्या गळ्यात पडलं.

आम्ही आठवडाभर रोज हरत होतो.

फोन वाजला. मी म्हटलं, "वाचा हो आपा, काय आलंय?"

आपांनी चष्मा नीट केला आणि वर्गात धडा वाचावा तसं मोठ्यानं वाचलं. मेसेज माझ्या नणंदेचा होता. ती लासूर स्टेशनला असते, आडतीच्या दुकानात गल्ल्यावर बसून खेळते आणि आमच्यात सगळ्यात चांगलं खेळते. "वहिनी, मान वेगळा आणि मॅच वेगळी. आपांचे दोन्ही हल्ले रोज वाया जातात. आजपण हरलो तर त्यांना काढा. माझी मैत्रीण यायला तयार आहे, लई भारी खेळते. तुम्हाला बोलायला जड जात असेल तर मी बोलते."

मी सोऱ्या दाबायची थांबले. आपांनी फोन मांडीवर ठेवला.

"पोरगी बराबर बोलती," त्या म्हणाल्या. "मला काढ, बाई. पर आजचा दिवस खेळू दे."

हिशेबानं नणंदेचं बरोबर होतं. आपांचं काय जाणार तेही मला माहीत होतं. खाली उतरता येत नाही, लेकी सासरी. दिवसभर गिल्डच्या चॅटमध्ये कुणी भाजी काय केली विचारतं, कुणी सासूची तक्रार करतं. गिल्डमधून काढलं की ते चॅटही बंद होतं. पण तेवढ्यासाठी बाकीच्या नऊ जणींनी रोज हरावं, हे मला कुणाला सांगता आलं नसतं.

"खेळा," मी म्हटलं. "तुम्हीच सुरुवात करा."

सुरुवात नेहमी त्याच करायच्या. मोठ्या म्हणून मान त्यांचा. त्यांनी आपल्या फोनवर समोरच्या गिल्डमधला एक बऱ्यापैकी तगडा गडी निवडला. त्यांना खेळताना तोंडानं बोलायची सवय आहे. "पहिली ढाल आली... आता विषाचा पत्ता... या अल्ला, पुन्हा ढाल... आता आग. गेले मी."

गेल्याच. पण माझ्या कानात ते राहिलं. ढाल, विष, ढाल, आग. या खेळात बचावाचे पत्ते लावणाऱ्याला मध्ये बदलता येत नाहीत. जसे लावले तसेच, त्याच क्रमानं पडतात. म्हणजे त्या गड्याचं सगळं आता आमच्यापुढे उघडं होतं. मग आपांना हरवणाऱ्यावर पुन्हा कुणी जातं का? मी मागच्या मॅचा आठवून पाहिल्या. कुणीच जात नव्हतं. आपा हरल्या की तो गडी सोडून सगळ्या दुसरीकडे वळायच्या आणि पुन्हा झाकलेल्या पत्त्यांशी आंधळेपणानं खेळायच्या.

हात धुतले आणि नणंदेला फोन लावला.

"आपा ज्याच्याकडून हरतात त्याच्यावर तू का जात नाहीस गं?"

"बरं दिसतं का वहिनी ते? त्या हरल्या आणि मी लगेच जाऊन तोच पाडला, म्हणजे त्यांना तोंडावर पाडल्यासारखंच की. माझ्यापेक्षा किती मोठ्या आहेत त्या."

"त्यांना काढायला निघालीस ते चालतं?"

"ते वेगळं," ती म्हणाली. मग थोडी थांबून, "व्हय की ओ. ते कसं चालतं?"

अदब सगळ्यांनी पाळली होती आणि त्या अदबीपायीच आम्ही रोज मार खात होतो. मी तिला क्रम सांगितला. विषाला उतारा असलेला पत्ता दुसरा ठेव, आग शेवटी आहे तेव्हा पाणी राखून ठेव. ती गेली आणि गडी पाडून आली.

मग मी आपांना समोरच्या गिल्डच्या प्रमुखावर जायला सांगितलं. त्यांचा सगळ्यात तगडा गडी तोच.

"त्याच्याकडून तर मी हरणारच."

"हराच. फक्त सगळे पत्ते बाहेर येईपर्यंत टिका आणि बोलत राहा."

आपांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे मला हरायला पाठवती?"

"व्हय," मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं?

त्या गेल्या, हरल्या, पण शेवटच्या पत्त्यापर्यंत टिकल्या. मी क्रम चॅटमध्ये टाकला. तो प्रमुख आमच्या दुसऱ्या एकीनं पाडला. पुढे सगळ्यांनी तसंच केलं. एकीनं बघून यायचं, दुसरीनं पाडायचं. कुरडया अर्ध्या वाळल्या तोवर आम्ही पुढे गेलो होतो आणि संध्याकाळी जिंकलो.

चॅटमध्ये नुसता गोंधळ. नणंदेनं लिहिलं, "मैत्रिणीला नाय म्हणून सांगते. आपा कुठंच जात नाहीत. आपा आमचा बकरा, रोज पहिला नंबर!" बाकीच्यांनी हसणारी तोंडं टाकली.

कुरडया गोळा करायला गेले तेव्हा आपांचं दार उघडंच होतं. म्हणाल्या, "मला ठेवायचं तर हरायची पाळी सगळ्यांना लाव. एकटीनं रोज बकरा व्हायचं असंल तर नक्को. खुशीनं निघते मी."

कुरडया खाली आणून पसरताना मी यावर विचार केला. चांगल्या खेळाडूचा हल्ला असा खर्च केला तर एखादी मॅच हातची जाईल, हे दिसत होतं. पण कारखान्यात एका बाईला कायम परत आलेला फुटका माल तपासायला बसवलं होतं. काही महिन्यांनी ती खोकी उघडेनाशीच झाली, वरूनच शिक्का मारायची. जिला फक्त हरायलाच पाठवलं जातं ती एक दिवस पत्ते बघायचं सोडते, आणि मग तिच्या हरण्याचा काही उपयोग राहत नाही. आपांचं म्हणणं मला मानासाठी नाही, कामासाठी पटलं. मानही त्यात राहत असेल तर राहो.

सोमवारी सकाळी उठले आणि चहाच्या आधी चॅटमध्ये पाळी लिहून टाकली. पहिला दिवस माझा, दुसरा नणंदेचा, मग वयानं उतरत्या क्रमानं बाकीच्या. नणंदेचं लगेच आलं, "वहिनी, माझा हल्ला असा घालवणार?" मी लिहिलं, "हो." नवी मॅच उघडल्यावर समोरचा सगळ्यात तगडा गडी निवडला, शेवटच्या पत्त्यापर्यंत टिकले आणि हरले. पत्त्यांचा क्रम लिहिला, खाली आपांना म्हटलं, "आता याच्यावर तुम्ही जा," आणि डबा घेऊन कामावर निघाले.