उत्तर आलं नाही तर

आमच्या ऑफिसात कुणाला कॉम्प्युटरचं काही करून हवं असेल, तर तो आमच्या विभागाकडे विनंती नोंदवतो. काम उरकलं की आम्ही मेल करून विचारतो, झालं ना? काही दिवसांत उत्तर आलं नाही, तर सिस्टिम ती विनंती आपोआप बंद करते. गप्प बसलेला माणूस समाधानी आहे, असं धरलं जातं.

काल ऑफिसच्या स्टोअर्स विभागात रजनीताई दिसल्या. हातात भिंग धरून, स्क्रीनला जवळजवळ नाक लावून वाचत होत्या. त्यांची अक्षरं मोठी करून द्यायची विनंती मीच पुरी केली होती, ती कधीच बंदही झाली होती.

"ताई, अक्षरं मोठी केली होती ना?"

"केली होती की. पण मशीन बंद करून चालू केलं, की परत बारीक होतात."

"मग कळवायचं ना."

"कळवणारच होते. तेवढ्यात तुमचा मेल आला, काम पूर्ण झालं म्हणून. म्हटलं, हे लोक झालं म्हणतायत, तर आपलंच काहीतरी चुकत असेल."

मी तिथेच बसून ते नीट केलं. पण जागेवर आलो तरी ते भिंग डोळ्यांसमोरून हलेना. समोरच्या बोर्डावर 'शिल्लक विनंत्या' यापुढे हिरवं शून्य होतं. त्यामागे किती जण स्वतःलाच दोष देत बसले असतील, कोण जाणे.

संध्याकाळी आईला फोन केला. गुडघा कसा आहे, विचारलं. ती गप्प राहिली. एरवी एवढ्यावर मी दुसरा विषय काढतो. काल काढला नाही. फोनवर नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला.