थरथरीचा जाणकार

"हात पुढं कर, भो." पाळीवर येणाऱ्या प्रत्येक कारागिराला मास्तर दारातच अडवायचा. पसरलेल्या बोटांवर सुताची एक तार ठेवायचा. तार हलली की निकाल तयार. "काल किती घेतलीस?"

मी त्याला अहो-जाहो करणार नाही. लिंबायतच्या त्या कापडाच्या कारखान्यात माग दुरुस्त करणं हे त्याचं काम, पण ऐट डॉक्टरची. तापानं, उपाशीपोटी, जागरणानं, नुसत्या भीतीनंही अंग कापतं, हे त्या डोक्यात कधी शिरलं नाही. थरथरला म्हणजे प्यायला! असा एखादा तुमच्याही गल्लीत असेल. पुस्तक उघडलेलं नाही आणि शंका म्हणून कशाची नाही.

माझे आप्पा तिथंच माग चालवायचे. दारूच्या थेंबाला कधी शिवले नाहीत. पन्नाशीत त्यांचे हात कापू लागले, काही धरायला गेलं की जास्तच. मास्तरनं कुठूनशी देशी दारूची प्लास्टिकची पोटली आणली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "घे. थांबला हात, तर तू दारुडा. नाही थांबला, तर तुझ्या पाया पडतो."

काम वाचेल म्हणून आप्पांनी नाक दाबून घेतली. थोड्या वेळानं हात थांबला. सगळे हसले. दुसऱ्या दिवशी आप्पांच्या मागावर दुसरा माणूस उभा होता.

मी घरातला पहिला पदवीधर. आप्पांना मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना पाण्याचा पेला धरायला लावला, आजोबांची मान हलायची का ते विचारलं. म्हणाल्या, "हा घराण्यात चालत येणारा आजार आहे. दारूनं तासभर दबतो, पण त्याचं कारण दारू नाही." तेच मी कागदावर लिहून घेतलं आणि तडक मास्तरला वाचून दाखवलं.

"म्हणजे दारूनंच थांबतो ना? मग मी काय वेगळं बोललो?"

"आप्पांना एकदा म्हणा, चुकलो."

"कॉलेज करून आलास म्हणून मला शिकवतोस का, भाऊ?"

गेल्या वर्षी मास्तर मेला. आप्पा त्याच्या घरी दारावर, दुखवट्याला जायला निघाले.

"त्या माणसाकडे?" मी म्हटलं.

"माग चालवायला त्यानंच शिकवलं रे मला."

तिथं चहा आला. आप्पांच्या हातात कपबशी खडखडू लागली. मास्तरचा मुलगा खाली वाकला आणि अगदी आदरानं त्यांच्या कानाशी म्हणाला, "काका, आज तरी घ्यायची नव्हती."

आप्पांनी कपबशी खाली ठेवली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिले.