पुस्तकातली मुलगी

आज जुनी पेटी उघडली आणि डांबरगोळ्यांच्या वासासोबत ती काळ्या पुठ्ठ्याची कादंबरी हाती आली. वीस वर्षांपूर्वी सिंदी मेघेच्या घरात, एका दुपारी, ती वाचताना मी हमसून रडलो होतो. तिच्यातला बाप तापाने फणफणलेल्या मुलीला एकटं सोडून निघून जातो आणि मुलगी मरते.

माझी बायको शोभा समोर तूर पाखडत होती. "काय झालं जी?"

"यातली पोरगी मेली."

तिचं सूप थांबलं. "आपली गेली तवा तं डोये कोरडे होते तुमचे."

चार दिवसांची आमची मुलगी जाऊन वर्षही झालं नव्हतं. आता वाटतं, त्या पानांआडून मी तिच्यासाठीच रडत होतो. तेवढं बोललो असतो, तर शोभा जवळ येऊन बसली असती.

मी म्हणालो, "लेखकच लय जबरदस्त आहे."