पडले न्हाई, उभीच हाय

आमच्या भोरच्या घरात मोर्चांच्या, मागण्यांच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी पाढे गिरवले. विद्यापीठात अर्थशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य एकत्र निवडलं ते याच खुमखुमीनं, की आता मागण्यांना पुरावा जोडता येईल.

पहिल्या पाहणीला गेले वेल्ह्यात, गुंजवणे गावाच्या वरच्या धनगरवस्तीवर. तिथे पंधरवड्याला येणारी फिरत्या दवाखान्याची गाडी चालू ठेवायची की बंद करायची, हे आमच्या कागदांवरून ठरणार होतं. पाहणी आमच्या सरांची होती, पण प्रश्न मीच लिहिला होता : 'गेल्या महिन्यात घरात कोण आजारी पडलं? कामाचे किती दिवस बुडाले?' घरोघरी एकच उत्तर, "कुनी न्हाई." मी शून्य मांडत गेले.

शेवटच्या घरी मावशींनी तेच सांगितलं आणि शेळ्यांना पाला टाकायला वळल्या. मध्येच गोठ्याच्या मेढीला धरून थांबल्या. हात लावला तर अंग कढत.

"मावशी, ताप आहे तुम्हाला!"

"व्हय, चार दिस झालं."

"मग आजारी पडले नाही म्हणालात?"

"पडले कुठं? उभीच हाय की! म्या पडल्यावर शेरडं काय तुझा मास्तर राखनार?"

दारातून सून म्हणाली, "लिवा ताई, आत्याबाई पडल्या न्हाईत, निसत्या टेकल्यात."

दोघी हसल्या. मला हसू येईना. अख्खी वस्ती तापानं फणफणली असती, तरी उभी होती म्हणून माझ्या कागदावर ठणठणीत ठरली असती.

परतल्यावर सरांना म्हणाले, "प्रश्न बदलायचाय."

"मधेच बदललास तर आकडे जुळणार नाहीत. आहे ते दे."

"आहे ते खोटं आहे, सर."

"खोटं कसं? त्यांनी सांगितलं तेच लिहिलंस ना?"

मी चिडून शून्यांचे कागद त्यांच्या टेबलावर आपटले.

"मग सगळं रद्द कर, पहिल्या घरापासून पुन्हा सुरू कर. गाडीचा निर्णय तोवर थांबेल. पण तुझं सत्र जाईल."

"जाऊ दे," म्हणाले खरी. बाहेर जिन्यावर मात्र घरचा नंबर लावला आणि लगेच कापला. घरी अजून सांगायचं होतं.

नवा प्रश्न लिहिला : 'अंगात कणकण असूनही कामाला कोण गेलं?' वेल्ह्याच्या एसटीत बसल्या बसल्या तोही खोडला. वस्तीवर 'कणकण' म्हणतात की आणखी काही, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं.