पिवळ्या रिंगचा ब्रश

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे पावणेनऊ झाले होते आणि मी ठाण्यात टेंभी नाक्यावरच्या आमच्या घरात गवार मोडत बसले होते. फोन डोंबिवलीच्या कोपरहून होता, दादाच्या शेजारी राहणाऱ्या परांजप्यांचा. "मंगलताई, नंदूभाऊ दार उघडत नव्हते. आमच्याकडच्या किल्लीनं उघडलं..." पुढचं त्यांना बोलावं लागलं नाही. मी गाडी करून तासाभरात तिथं पोहोचले. डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच, पहाटे कधीतरी, हृदय थांबलं असं ते म्हणाले होते. दादा पलंगावर होता. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला, थोडा वेळ बसले, मग तोंड धुवायला बाथरूममध्ये गेले. आणि तिथं गेल्यावर मी पहिल्यांदा काय केलं, ते आज लिहायचं म्हणून लिहिते. बेसिनवरच्या स्टीलच्या पेल्यात ब्रशची डोकी किती आहेत ते मी मोजलं. एकच होतं, निळ्या रिंगचं. सख्खा भाऊ बाहेर मरून पडलेला, आणि मला हायसं वाटलं.

हे कळायला दादा कसा होता ते सांगायला हवं. माझा थोरला भाऊ नंदकुमार वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तीस वर्षं तपासनीस होता. तिथं दाब मोजायची गेज बनत. बनलेलं प्रत्येक गेज त्याच्या टेबलावरून जाई. तो त्यावर बोटानं दोन टिचक्या मारी, काटा हलला की खूण करून परत पाठवी. निवृत्त झाल्यावर त्याने टेबल सोडलं, टिचक्या सोडल्या नाहीत. दुधाच्या पिशवीवरची तारीख उजेडाकडे धरून बघे. डॉक्टरांनी नवी गोळी दिली की आधी मला फोन करून तिचं नाव सांगे. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, गोळ्यांतलं मला काय कळणार? पण दुसरं कुणीतरी ऐकलेलं असलं की त्याला बरं वाटे. मीही त्याच घरातली. सुधावहिनी म्हणायची, तुम्हा भावंडांपुढे प्रत्यक्ष देव उभा राहिला तरी तुम्ही आधी आधार कार्ड मागाल.

अकरा वर्षांपूर्वी दादाच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, तेव्हा त्याच्या मुलीनं, केतकीनं, बेंगळुरूहून येताना विजेवर चालणारा दातांचा ब्रश आणला. एक जाडसर मूठ, तिच्यावर बसवायची बोटभर लांबीची डोकी, आणि घरातल्या ज्याचं त्याचं डोकं ओळखू यावं म्हणून प्रत्येकाच्या बुडाशी रंगीत रिंग. दादानं निळी घेतली, वहिनीनं गुलाबी. पहिला महिनाभर दादाला ते यंत्र दात झिजवणार अशी खात्री होती. दोन मिनिटांनी ते आपोआप बंद होतं म्हणतात, ते खरंच दोन मिनिटं का, हे तो मनगटावरच्या घड्याळावर बघत दात घासायचा. दर अर्ध्या मिनिटाला ते क्षणभर अडखळतं, जबड्याची बाजू बदला म्हणून सांगतं. त्या अडखळण्याचाही त्याने हिशेब लावला आणि एका बाजूला दोन सेकंद कमी मिळतात असं वहिनीला सुनावलं. तीन महिन्यांनी डोक्याचे केस फिके पडतात, तेव्हा बदला, असं कागदावर लिहिलं होतं. ही कंपनीची लबाडी म्हणून त्याने एकच डोकं सहा महिने चालवलं, मग भिंगातून केस बघितले. ते फाटून फुलले होते. "बरोबर लिहिलंय," तो म्हणाला. एवढी शाबासकी मी त्याच्या तोंडून फार थोड्या गोष्टींसाठी ऐकली.

रक्त थांबलं. मग मात्र तो त्या ब्रशला धरून राहिला. मुठीच्या बुडाशी पांढरा राप साचे, तो दर रविवारी काडीनं काढी. गावाला जाताना चार्जर न्यायचा नाही, आठ दिवस पुरतो की नाही ते बघायचं. पुढे पुढे चार दिवस पुरेना, मग दोन. केतकी नवा घे म्हणायची. "आतलं बाकी सगळं नीट आहे," तो म्हणे. डोकी कधी बदलली त्या तारखा तो एका पुठ्ठ्यावर लिहून ठेवायचा, एका बाजूला 'नं', दुसऱ्या बाजूला 'सु'.

पाच वर्षांपूर्वी वहिनी गेली. तेराव्यानंतर दादानं स्वतःच्या हातानं गुलाबी रिंगचं डोकं कागदात गुंडाळून टाकलं. पेल्यात निळं एकटं राहिलं. मी महिन्यातून एकदा डबा घेऊन कोपरला जाऊ लागले आणि दर वेळी तो पेला माझ्या नजरेला पडायचा.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका शुक्रवारी हात धुवायला गेले, तर पेल्यात दोन डोकी. निळं, आणि एक पिवळ्या रिंगचं. मी दोन्हींवरून बोट फिरवलं. दोन्ही ओली होती.

जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं. दादा म्हणाला, एक सकाळी, एक रात्री वापरतो, आलटून पालटून घेतलं की जास्त टिकतात. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडणाऱ्या माणसाला खोटं बोलता येत नव्हतं... त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी भात कालवत राहिले आणि जाताना खाली वॉचमनला गाठलं. साठीच्या एक बाई गुरुवारी दुपारी येतात आणि शुक्रवारी सकाळी जातात, असं त्याने सांगितलं. साहेबांच्या ओळखीच्या आहेत, चांगल्या आहेत, असंही म्हणाला. मग माझ्या चेहऱ्यावर त्याला काय दिसलं कोण जाणे, त्याने समोरच्या वहीत डोकं घातलं.

पुढच्या शुक्रवारी मी सकाळी सव्वासातला इमारतीसमोरच्या मेडिकलच्या पायरीवर जाऊन उभी राहिले. आठच्या सुमारास त्या बाहेर आल्या. सावळ्या, ठेंगण्या, अंगावर मोरपंखी साडी, अंबाड्यावर अबोलीचा गजरा, हातात कापडी पिशवी. गेटपाशी थांबून त्यांनी वर बघितलं. गॅलरीत दादा उभा होता. त्याने हात केला. माझ्या भावाला मी कुणाला असा हात करताना कधीच बघितलं नव्हतं, आणि मला त्याचा रागच आला.

मी वर गेले. दादानं दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्याला सगळं कळलं.

"मंगल, किती वाजल्यापासून उभी होतीस?"

"सव्वासात."

"मग वर यायचंस ना. तिघांनी चहा घेतला असता."

तेव्हा मी गप्प बसले असते तर... पण मी बसले नाही. कोण आहे ही, कुठली, या वयात तुझ्याकडून तिला काय हवंय, फ्लॅट कुणाच्या नावावर आहे हे तिला माहीत आहे का, सगळं विचारलं. दादा ऐकत होता. शेवटी म्हणाला, "प्रत्येकाला आपल्याकडून काहीतरी हवंच असतं, असं तुला वाटतं." मी म्हटलं, तुझ्याकडूनच शिकले. "हो," तो म्हणाला. "तेच वाईट झालं."

मी केतकीला कळवलं. ती आठवड्याभरात आली. ती भांडली नाही, बाबांचा हात हातात घेऊन बोलली, आणि ते जास्त वाईट होतं. म्हातारी एकटी माणसं कशी फसवली जातात, ते तिनं त्याला सांगितलं. मग त्याच्या काळजीपोटी म्हणून दाराबाहेर कॅमेरा बसवला. त्यात जे दिसेल ते तिच्या फोनवर दिसायचं आणि माझ्याही. दादा शिडी धरून उभा राहिला, कॅमेरा बसवणाऱ्याला स्क्रू किती आवळायचे ते सांगत. दुसऱ्या महिन्यात मी गेले तेव्हा पेल्यात पिवळं डोकं नव्हतं. मी केतकीला तिथूनच फोन केला. आम्ही दोघींनी सुटकेचा निःश्वास टाकला.

त्यानंतर तो गुरुवारी सकाळी बाहेर पडताना दिसे आणि शुक्रवारी परतताना. कल्याणला कारखान्यातल्या कुलकर्ण्यांकडे बुद्धिबळाला जातो, तिथंच राहतो, असं त्याने सांगितलं. पुरुषाचं नाव होतं, म्हणून आम्ही विश्वास ठेवला.

दीड वर्ष असं गेलं आणि एका मंगळवारी तो गेला.

तेराव्यानंतर केतकी आणि मी घर आवरायला घेतलं. औषधांच्या डब्यात तो तारखांचा पुठ्ठा सापडला. 'सु'खालच्या तारखा पाच वर्षांपूर्वी थांबल्या होत्या. त्याच्या शेजारी, वेगळ्या शाईत, तिसरा रकाना होता. वर 'शा' लिहिलं होतं. मी तारखा वाचत खाली आले. कॅमेरा बसवला त्या महिन्यापाशी त्या थांबतील असं मला वाटलं. थांबल्या नव्हत्या. दर तीन महिन्यांनी एक, अगदी परवाच्या महिन्यापर्यंत. मी पलंगावर बसले. म्हणजे बुद्धिबळ नव्हतंच...

केतकीलाही वाचून दाखवलं. तिनं पुठ्ठा माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचला. मग म्हणाली, "आत्या, माझ्या हातून काहीतरी झालंय." बाबांचा फोन पहिल्या दिवसापासून तिच्याकडे होता. दादा गेल्यानंतरच्या गुरुवारी त्यावर 'पॅकिंग' या नावानं तीनदा फोन आला. घर रिकामं करायचं म्हणून ती त्याच दिवशी सामान हलवणाऱ्यांची चौकशी करत होती. तिला वाटलं, त्यांच्यापैकीच कुणीतरी मागे लागलंय. तिनं तो नंबर ब्लॉक केला.

माझ्या भावाच्या कारखान्यात गेजं खोक्यात भरणारं खातं होतं, त्याला पॅकिंग म्हणत. तो तिथं दिवसातून दोनदा खोकी परत पाठवायचा, त्याच्या तक्रारी आम्ही वर्षानुवर्षं ऐकल्या होत्या.

मी माझ्या फोनवरून तो नंबर लावला. नंदूची बहीण बोलतेय, एवढंच म्हणाले. पलीकडून बाईचा आवाज आला, "कधी गेले, तेवढं सांगा."

त्या चेंदणी कोळीवाड्यात राहतात. माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटं. दीड वर्ष दर गुरुवारी माझा भाऊ माझ्या घराजवळून तिकडे जात होता आणि एकदाही जिना चढून वर आला नाही.

मी गेले तेव्हा त्यांनी चहा केला. मी नको म्हणायचं धाडस केलं नाही. त्यांचं सगळं आयुष्य दादाच्याच कारखान्यात पॅकिंगमध्ये गेलं, शेवटी त्या खात्याच्या मुकादम होत्या. नवरा लवकर गेला. मुलगा जहाजावर असतो, दादाला काका म्हणायचा, त्याला पहिल्यापासून सगळं माहीत होतं. चोरून ठेवायचं होतं ते फक्त आमच्यापासून. वहिनीनंतर दोन वर्षांनी खोपटला एसटीच्या रांगेत दोघांची गाठ पडली. दादानं त्यांच्या पिशवीची शिवण उसवलीय हे आधी सांगितलं, आणि मग तब्येत विचारली. इथं आले की मी जेवण करायची, ते नळ नाहीतर पंखा बघायचे, असं त्या म्हणाल्या. लग्न या वयात कशाला, कागद झाला की माणसं आणखीनच तपासत बसतात.

"त्या गुरुवारी मी वाट बघितली," त्या म्हणाल्या. "सुरमई आणलेली. तीनदा फोन केला. मग तो लागायचाच बंद झाला. मी समजले."

"काय समजलात?"

"एक तर ते नाय राहिले, नाय तर तुम्हाला कळलं. दोन्हीत फोन करून उपयोग नव्हता."

त्यांनी मला मोरीपाशी नेलं. दादानं तिथं दुसरी मूठ घेऊन दिली होती. शेजारी पेल्यात पिवळं डोकं होतं आणि निळं होतं. निळं पार कोरडं झालं होतं, पण त्यावर धूळ नव्हती. "तुम्हाला न्यायचं तर न्या," त्या म्हणाल्या. मी नको म्हणाले. ते इथलंच होतं.

परत येऊन बसल्यावर त्यांनी विचारलं, दादा सापडला तेव्हा डोळ्यांवर चष्मा होता का. मी आठवून बघितलं. होता, नाकावरून घसरलेला. "मग वाचत असतील," त्या म्हणाल्या. "झोप लागली की काढावा लागायचा मला." एकटाच होता का, हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं. हो, एकटाच होता. दीड वर्षापूर्वी आम्ही तुम्हाला येऊ दिलं असतं, तर कदाचित... त्या म्हणाल्या, मंगळवार होता ना, मंगळवारी मी तशीही नसते. हे त्यांनी माझ्यासाठी म्हटलं की खरंच तसं होतं, ते मी अजून ठरवू शकलेले नाही. माझा स्वभाव असा. पण त्यांना उलट विचारलं नाही.

केतकीनं त्या संध्याकाळी तो नंबर उघडला आणि स्वतः फोन केला. काय बोलली ते तिनं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं दाराबाहेरचा कॅमेरा काढला.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा चेंदणीला गेले. वर्तमानपत्राच्या पुरवणीत दादावर लिहायला मला सांगितलंय, तुमच्याबद्दल लिहिल्याशिवाय ते खरं होणार नाही, नाव मात्र बदलून घालेन, असं सांगितलं. त्या कोलंबी सोलत होत्या. हात थांबवले नाहीत.

"बदलून घातलंत तर लोक पुन्हा शोधत बसतील, कोण ती बाई," त्या म्हणाल्या. "खरंच घाला. पूर्ण घाला."

मी मुलाला चालेल का विचारलं, तर तिथूनच फोन लावून त्यांनी त्याला विचारून घेतलं. मग मी कागदावर लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. वडिलांचं, नवऱ्याचं, कुणाचं नाव लावू तेही विचारलं. त्या म्हणाल्या, कुणाचं नको.

त्यांचं नाव शालिनी तांडेल.