राणी तीनदा मेली

कानिफनाथचं देवळाली प्रवऱ्यात मंडपाचं दुकान, पण जीव सगळा नाटकात. दर यात्रेला गावातलीच माणसं घेऊन तो नाटक बसवायचा आणि दर वर्षी लोक शेवटी शिट्ट्या मारत, हसत घरी जायचे. एकदा तरी त्यांनी डोळे पुसत गुपचूप उठावं, एवढीच त्याची इच्छा. यात काय जास्त मागितलं होतं, सांगा!

म्हणून यंदा त्याने आजोबांच्या काळचं एक शोकांत नाटक काढलं. राजा राणीवर संशय घेतो, राणी विष घेते, पडदा. जुन्या चालींना पोरं जांभया देतात, तेव्हा त्याने सगळी पदं नव्याने लिहिली, चाली बांधल्या, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आणला.

यात्रा कमिटीचे अध्यक्ष सहादेवअण्णा मात्र अडून बसले.

"देवाच्या दारात मरन नको. राणीला उलटी हुं द्या, राजा माफी मागंल, मिटलं."

"अण्णा, मग नाटकात ऱ्हातं काय?"

"गानी हायेत की!"

कानिफनाथच्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिनाभर हुज्जत चालली. नाटकच बंद करतो म्हणाला, तेव्हा कुठे अण्णा नमले.

प्रयोगात राणी झाली होती पार्लरवाली धनश्री. शेवटचं पद गात गात ती कोसळली आणि मैदान चिडीचूप झालं. भेळवाल्यांचे आवाजसुद्धा थांबले. जमलं होतं! विंगेत कानिफनाथने पडद्याच्या दोरीला हात घातला.

"वन्स मोअर!"

पहिल्या रांगेतून डोळे पुसत अण्णाच ओरडले. मग सगळं मैदान. यात्रेतला वन्स मोअर या गावात कुणी मोडत नाही. मोडला तर लोक तो अपमान धरतात. मेलेल्या धनश्रीने एक डोळा उघडून विंगेकडे पाहिलं. कानिफनाथने जोरजोरात मान हलवली, पडून राहा म्हणून. तेवढ्यात कीबोर्डवाल्या करणने सुरुवात वाजवलीसुद्धा. दोरी हातात होती, पण ओढायची हिंमत झाली नाही. राणी उठली, पदर झटकला, गायली, मेली. पुन्हा वन्स मोअर! तिसऱ्या वेळी तर लोक टाळ्यांचा ठेका धरून तिला मारत होते. चिडायचं तरी कुणावर? चाल त्याचीच होती.

पडद्यामागे येऊन अण्णांनी त्याला मिठी मारली. "लई झ्याक मेली राणी! फुडल्या वर्षी राजालाबी मारा."

कानिफनाथ मिठीतून सुटून खाली मैदानात आला. त्याची आई झुंबरबाई सतरंजीवरून उठत होती, तिला हात द्यायला तो गेला.

"आये, तुला तरी रडू आलं का गं?"

"आलं की. पयल्यांदा मेली तवा लई रडले."

"आन् मंग?"

"मंग कशाला रडू? म्हनलं, उठंल परत."